अंगावरून पांढरं जातंय: नेहमीचं कोणतं आणि दाखवायला हवं ते कोणतं

प्रश्न थोडक्यात असा: वय ३१, एक मूल, दुसऱ्याचा विचार सुरू आहे. सहा महिन्यांपूर्वी घशासाठी अँटिबायोटिक घेतलं आणि लगेच खाज सुटून पांढरं जायला लागलं. मेडिकलमधून एका डोसची गोळी आणून घेतली, चार दिवसांत बरं वाटलं. महिन्याभराने पुन्हा तेच. मग तीच गोळी आणखी दोनदा, त्यानंतर तीन औषधांचं एकत्र पाकीट. आता खाज कमी आहे, पण पाणी पातळ जातं आणि संबंधानंतर वास येतो. थकवा आहे, कंबर दुखते. जाऊबाई म्हणतात, पिशवीला सूज असेल. हा कॅन्सर तर नसेल ना? नवऱ्यालाही औषध द्यायचं का? आणि आतून तपासणी करावीच लागते का?

उत्तर:

तुमच्या हकिकतीत मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की सहा महिन्यांत चार वेळा औषध झालं आणि एकदाही कुणी तो स्राव काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला नाही. पहिल्या वेळी काय झालं होतं आणि आज काय आहे, हे दोन्ही त्यामुळे अंदाजच आहेत. न तपासता मी जे सांगणार तोही अंदाजच असेल. पण तो कसा बांधते हे सविस्तर लिहिते, म्हणजे डॉक्टरांकडे गेल्यावर काय सांगायचं आणि काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

मुळात पांढरं जाणं हा आजार नव्हे. पाळी सुरू होते तेव्हापासून ती बंद होईपर्यंत योनिमार्गातून रोज थोडा स्राव येतोच, साधारण १ ते ४ मिलिलिटर. गर्भाशयमुखातला चिकट द्रव, योनीच्या भिंतींतून झिरपलेलं पाणी, गळून पडलेल्या पेशी आणि जिवाणू यांचं ते मिश्रण असतं. जिवाणू म्हटलं की दचकायला होतं, पण यातले बहुतेक लॅक्टोबॅसिलस जातीचे, म्हणजे आपल्या बाजूचे. इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठतं, त्यापासून पुढे लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि योनीचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३.८ ते ४.५ च्या दरम्यान राहतो. इतक्या आम्लात उपद्रवी जंतू सहसा माजत नाहीत. यातला ४.५ हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा स्राव महिनाभर एकसारखा नसतो. पाळीनंतर काही दिवस कोरडे जातात. बीज सुटण्याच्या सुमारास तो पाण्यासारखा स्वच्छ, बोटांत धरला तर तार सुटेल असा आणि भरपूर होतो. त्यानंतर पाळी येईपर्यंत दाट, पांढरट. गर्भनिरोधक गोळ्यांवर तो वाढू शकतो, गरोदरपणात तर हमखास वाढतो. बाळाला अंगावर पाजताना आणि पाळी गेल्यावर तो घटतो. मुलींना पहिली पाळी येण्याआधी काही महिने पांढरं जाऊ लागतं, आणि नवजात मुलीला पहिल्या आठवड्यात आईच्या संप्रेरकांमुळे थोडा पांढरा स्राव, कधी रक्ताचा एखादा डागही दिसतो. हे सगळं नेहमीचं. कपड्यावर वाळलेला डाग पिवळसर दिसणं हेही नेहमीचंच. तेवढ्यावरून घाबरून आलेल्या कितीतरी जणींना मी औषधाशिवाय परत पाठवते.

म्हणून मी रंगाआधी दोन गोष्टी विचारते. तुमच्या स्वतःच्या नेहमीच्या स्रावापेक्षा काय बदललं? आणि त्याच्या जोडीला काय आहे: खाज, आग, वास, रक्त, ओटीपोटात दुखणं, ताप? ज्या बाईला आयुष्यभर भरपूर पण बिनवासाचं, बिनखाजेचं पांढरं जातं तिला काही झालेलं नाही. जिला एरवी जेमतेम जात असे आणि आता वास येतो, तिचं प्रमाण कमी असलं तरी तपासायला हवं.

थकवा आणि कंबरदुखीबद्दल. पांढरं गेल्याने अंगातली ताकद जाते, हाडं झिजतात, हा समज फार खोल रुजलेला आहे. तो खरा नाही. रोजच्या त्या चमचाभरापेक्षा कमी स्रावातून शरीराने गमवावं असं काही जात नाही. थकव्याची कारणं वेगळी शोधा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, अपुरी झोप, मनावरचा ताण. कंबरदुखी बहुतेक वेळा स्नायूंची आणि बसण्याउठण्याची असते. याला एक अपवाद आहे. ओटीपोटात खाली दुखतंय, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं आणि जोडीला स्राव आहे, असं असेल तर गर्भाशय आणि नळ्यांच्या संसर्गाची शंका घ्यावी लागते. तुमचं दुखणं नेमकं कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्टरांना बोट ठेवून दाखवा.

आता पहिल्या वेळची गोष्ट. अँटिबायोटिक घेतल्यावर लगेच खाज आणि पांढरं, हे ऐकलं की कॅन्डिडा नावाची बुरशी सगळ्यात आधी डोळ्यांसमोर येते. अंदाजे ७५ टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, तेव्हा यात लाजण्यासारखं काही नाही. अँटिबायोटिकने नेहमीचे जिवाणू कमी झाले की बुरशीला मोकळं रान मिळतं. मधुमेह, गरोदरपण, स्टिरॉइड, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं यांतही ती वाढते. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यांनी, उदाहरणार्थ डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन, लघवीवाटे साखर बाहेर पडते आणि त्यामुळेही हा त्रास उद्भवतो. मधुमेहाचे डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ वेगवेगळे असले की हा धागा कुणाच्याच हाती लागत नाही.

कॅन्डिडात खाज प्रमुख असते. बाहेरचा भाग लाल होतो, सुजतो, कधी बारीक चिरा पडतात, लघवी त्यावरून गेली की आग होते. स्राव दह्याच्या गुठळ्यांसारखा असतो, पण दर वेळी तसा दिसेलच असं नाही. वास सहसा नसतो. पीएच नेहमीचाच, ४.५ पर्यंत, राहतो. उपचार सोपा आहे: फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी पोटात, किंवा क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी अथवा क्रीम. तुम्ही आणलेली एका डोसची गोळी बहुधा फ्लुकोनाझोलच असावी, आणि पहिल्या वेळी ती लागू पडली यात नवल नाही.

नवल पुढे आहे. एकदा गुण आला की पुढच्या प्रत्येक त्रासाला तेच नाव आणि तीच गोळी. यातला धोका जुनाच आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, आपल्याला बुरशीचाच त्रास आहे असं स्वतः ठरवून दुकानातून औषध घ्यायला निघालेल्या स्त्रियांची तपासणी केली. निव्वळ बुरशीचा संसर्ग निघाला तो सुमारे एक तृतीयांश जणींत. उरलेल्यांत कुणाला दुसरा संसर्ग होता, कुणाला मिश्र, कुणाला काहीच नव्हतं. आधी हा त्रास होऊन गेलेल्या बायकांचाही अंदाज फारसा बरा नव्हता. आणि हे फक्त बायकांपुरतं नाही. नुसत्या वर्णनावरून मी निदान करायला गेले तर मीही बरेचदा फसेन.

सध्याच्या तुमच्या तक्रारीत खाज मागे पडली आहे आणि पातळ स्राव व संबंधानंतरचा वास पुढे आला आहे. हे चित्र बुरशीचं नाही, बॅक्टेरियल व्हजायनोसिसचं वाटतं. प्रजननक्षम वयात स्राव बिघडण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण. यात बाहेरून एखादा जंतू येऊन हल्ला करतो असं नसतं, आतला समतोल उलटतो. लॅक्टोबॅसिलस घटतात, गार्डनरेला आणि ऑक्सिजनविना जगणारे इतर जिवाणू शेकडो पटींनी वाढतात, आम्लता कमी होऊन पीएच ४.५ च्या वर जातो. स्राव पातळ, करडा-पांढरा, भिंतींना सारखा लागलेला. वास मासळीसारखा, आणि तो संबंधानंतर किंवा पाळीत वाढतो, कारण वीर्य आणि रक्त दोन्हींची आम्लता कमी, त्यामुळे वासाची द्रव्यं मोकळी होतात. खाज, लाली जवळपास नसतेच.

फ्लुकोनाझोलचा या जिवाणूंवर काहीही परिणाम होत नाही. ते बुरशीचं औषध आहे. इथे लागतं मेट्रोनिडाझोल, सहसा ४०० किंवा ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, नाहीतर योनीत लावायचं जेल, किंवा क्लिंडामायसिनची क्रीम. ‘तीन औषधांच्या पाकिटात असं औषध होतंच की,’ असं तुम्ही म्हणाल. असेलही. पण अशा पाकिटांतल्या औषधांचे डोस एकरकमी असतात, आणि यात पूर्ण दिवसांचा क्रम जास्त भरवशाचा. शिवाय त्यात बहुधा अझिथ्रोमायसिनही असतं, म्हणजे तुम्हाला पुन्हा एक अँटिबायोटिक मिळालं आणि बुरशीला पुन्हा एक संधी. बुरशीचं औषध, मग जिवाणूंचं, त्यातून परत बुरशी, अशा फेऱ्यात अडकलेल्या बायका माझ्याकडे नेहमी येतात, आणि हातात प्रिस्क्रिप्शनचा गठ्ठा असला तरी त्यात तपासणीचा एकही कागद नसतो.

ही तपासणी अवघड मुळीच नाही. पीएचची पट्टी, स्रावाची एक काचपट्टी, आणि त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून वास येतो का ते पाहणं. पातळ एकसारखा स्राव, ४.५ च्या वर पीएच, थेंबानंतरचा वास आणि जिवाणूंनी लडबडलेल्या पेशी, या चारांपैकी तीन गोष्टी दिसल्या की बॅक्टेरियल व्हजायनोसिसचं निदान होतं. हे निकष १९८३ पासून वापरात आहेत. बुरशीचे तंतू आणि ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचे पोहणारे जीव त्याच पट्टीवर दिसू शकतात. मात्र काचपट्टीवर काही दिसलं नाही म्हणून संसर्ग नाहीच असं होत नाही. शंका राहिली तर स्वॅब प्रयोगशाळेत पाठवतात.

याउलट, स्वॅबचं साधं जिवाणू-कल्चर सरसकट करून घेऊ नका. त्यात ई. कोलाय, स्ट्रेप्टोकोकस असं काही ना काही उगवतंच. हे जिवाणू निरोगी बाईच्या योनीतही असतात, आणि मग त्या रिपोर्टवर पंधरा दिवसांची अँटिबायोटिकं चालू होतात. कॅन्डिडाही १० ते २० टक्के स्त्रियांत काही त्रास न देता राहत असते. रिपोर्टमध्ये बुरशी आहे आणि बाईला तक्रार नाही, तर औषध नाही. बुरशी वारंवार होत असेल तेव्हा मात्र बुरशीचं कल्चर कामाचं, कारण ग्लाब्राटासारख्या काही जातींवर नेहमीची औषधं नीट चालत नाहीत.

वर्षात तीन किंवा अधिक वेळा बुरशीचा संसर्ग सिद्ध झाला, तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. सिद्ध हा शब्द इथे महत्त्वाचा, तुमच्या तीन गोळ्या त्यात मोजता येणार नाहीत. तसं असेल तर साखर तपासायची, आणि उपचार लांबवायचा: आधी एक-दोन आठवडे संसर्ग पूर्ण दाबायचा आणि मग आठवड्याला एक गोळी, सहा महिने. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. बोरिक आम्लाच्या कॅप्सूलबद्दलही कुठेतरी वाचाल. हट्टी संसर्गात त्या योनीत ठेवायला देतात हे खरं, पण पोटात गेल्या तर विषारी असतात आणि गरोदरपणात चालत नाहीत. तुम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करताय, तेव्हा स्वतःहून त्या वाटेला जाऊ नका.

नवऱ्याला औषध द्यायचं का, याचं उत्तर निदानावर अवलंबून आहे. बुरशी असेल तर नाही, त्यालाही खाज किंवा लाली असेल तर गोष्ट वेगळी. ट्रायकोमोनास असेल तर हो, दोघांनाही, आणि दोघांचं औषध पूर्ण होऊन त्रास थांबेपर्यंत संबंध टाळायचे. नाहीतर तो संसर्ग दोघांत फिरत राहतो. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये कित्येक वर्षं आम्ही नाही असंच सांगत आलो, कारण पुरुषांना नुसत्या गोळ्या देऊन केलेल्या जुन्या अभ्यासांत फायदा दिसला नव्हता. हे मत आता बदलतंय. मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत जोडीदाराला सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि सोबत शिश्नाच्या त्वचेवर लावायला क्लिंडामायसिनची क्रीम दिली. १२ आठवड्यांत त्रास उलटण्याचं प्रमाण त्या गटात ३५ टक्के राहिलं, फक्त बाईला औषध दिलेल्या गटात ६३ टक्के. हा फरक मोठा आहे. चाचणी एकच जोडीदार असलेल्या जोडप्यांत झाली होती. त्यामुळे बॅक्टेरियल व्हजायनोसिस पक्कं ठरलं आणि ते पुन्हा पुन्हा उद्भवत असेल, तर हा पर्याय डॉक्टरांसमोर आवर्जून मांडा. बऱ्याच ठिकाणी अजून जुनंच सांगितलं जातं.

ट्रायकोमोनासचं नाव आलं आहे तर तेही थोडक्यात. हा एकपेशीय परजीवी शरीरसंबंधातून येतो. स्राव पिवळा-हिरवट, कधी फेसाळ, वास आणि खाज दोन्ही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरात याचे सुमारे १५.६ कोटी नवे संसर्ग झाले. बाईला मेट्रोनिडाझोल सात दिवस घ्यावं लागतं, एका डोसने काम अर्धवट राहण्याची शक्यता जास्त. तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी. पुरुषांत बहुतेकदा काही लक्षण दिसत नाही. म्हणूनच ‘मला तर काहीच होत नाही’ या नवऱ्याच्या वाक्याला या बाबतीत वजन देऊ नका. आणि संसर्ग नेमका कधीपासून आहे हे सांगता येत नाही, तो काही महिने मूक राहू शकतो. घरात आरोपांची सरबत्ती सुरू होण्याआधी एवढं दोघांनीही ऐकलेलं बरं.

क्लॅमिडिया आणि गनोरिया या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या संसर्गांची चिंता मला स्रावापेक्षा जास्त वाटते, कारण बहुसंख्य स्त्रियांत ते काहीच लक्षण दाखवत नाहीत. दिसलाच तर गर्भाशयमुखातून पुवाळ स्राव, संबंधानंतर रक्ताचा डाग, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त. उपचार झाला नाही तर संसर्ग वर नळ्यांपर्यंत चढतो, आणि पुढे वंध्यत्व किंवा नळीत राहणारा गर्भ हे परिणाम होऊ शकतात. नवा जोडीदार, एकाहून अधिक जोडीदार, किंवा जोडीदाराला लघवीच्या जागी जळजळ अथवा स्राव, यांतलं काही असेल तर या दोन्हींची चाचणी मागून घ्या, आणि एचआयव्ही व सिफिलिसचीही. स्वॅब स्वतःच घेता येतो आणि तो डॉक्टरांनी घेतलेल्या इतकाच विश्वासार्ह असतो.

आता पिशवीला सूज. सोनोग्राफीत किंवा पॅप तपासणीत ‘सूज’ असा शेरा आला की घरात तो मोठा आजार होऊन बसतो. पॅप ही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपूर्व बदलांची चाळणी आहे. त्यातल्या ‘दाहजन्य बदल’ या शेऱ्यावर, तक्रार नसताना, अँटिबायोटिक घ्यायचं कारण नाही. पिशवीच्या तोंडाला जखम आहे असंही सांगतात. पुष्कळदा ती जखम नसतेच. गर्भाशयमुखाच्या आतलं लालसर, चिकट द्रव तयार करणारं अस्तर बाहेरच्या बाजूला पसरलेलं असतं. तरुण वयात, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांवर हे अगदी साधं आहे. त्याने स्राव वाढतो, कधी संबंधानंतर थोडं रक्त दिसतं. कॅन्सरची चाचणी ठीक असली आणि त्रास नसला की काही करायचं नाही. आणि हे ठासून सांगते: नुसतं पांढरं जातं म्हणून गर्भपिशवी काढायची नसते. स्राव बहुतांशी योनीतून आणि गर्भाशयमुखातून येतो, संसर्गावर औषध असतं. असा सल्ला कुणी दिला, तर निदान काय आणि ते कोणत्या तपासणीवर ठरलं, हे लेखी मागा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

कॅन्सरबद्दल. तुम्ही लिहिलेल्या वर्णनात त्याच्याकडे बोट दाखवणारं काही नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये पाण्यासारखा, घाण वासाचा, रक्तमिश्रित स्राव जातो, संबंधानंतर किंवा पाळीव्यतिरिक्त रक्त जातं. सुरुवातीला मात्र काहीच होत नाही, म्हणूनच तक्रार नसताना चाचणी करायची असते. जागतिक आरोग्य संघटना वयाच्या तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही चाचणी, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची चाचणी, सुचवते. तुम्ही ३१ च्या आहात, आतापर्यंत झाली नसेल तर या भेटीतच विचारा.

आता घाईने दाखवायची लक्षणं. तीव्र ओटीपोटदुखी आणि ताप यांसोबत स्राव असेल तर त्याच दिवशी. पाळी चुकली आहे आणि एका बाजूला दुखतंय, किंवा चक्कर येते, तर एक तासही थांबू नका, मग स्राव कसाही असो. गरोदर असताना पाण्याची धार किंवा सतत ओल जाणवली, तर ते पांढरं पाणी की गर्भजल हे घरी ठरवता येत नाही. ३७ आठवड्यांच्या आधी असेल तर थेट रुग्णालयात. बाळंतपणानंतर चार ते सहा आठवडे स्राव लाल, मग तपकिरी-गुलाबी, मग पिवळट-पांढरा होत जातो. तो कुजकट वासाचा झाला, ताप आला, तर ते धोक्याचं. गर्भपातानंतर किंवा कॉपर टी बसवल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत दुखणं-ताप असेल तर तेही.

पाळी जाऊन वर्ष उलटलं आहे आणि रक्ताचा एक डाग जरी दिसला, गुलाबी पाणी जरी गेलं, तरी तपासणी हवीच. अशा दहातल्या साधारण नऊ जणींना कॅन्सर नसतो, योनीचं अस्तर पातळ होणं हे साधं कारण बरेचदा निघतं आणि इस्ट्रोजेनच्या क्रीमने ते सुधारतं. पण दहावी कोण, हे सोनोग्राफीने अस्तराची जाडी मोजल्याशिवाय आणि गरज पडली तर तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही. वयात न आलेल्या मुलीला घाण वासाचा किंवा रक्तमिश्रित स्राव असेल, तर आत एखादी वस्तू गेलेली असू शकते, जंत किंवा घशातल्या जंतूंचा संसर्ग असू शकतो, आणि अत्याचाराची शक्यताही मनात ठेवावी लागते. तिला रागावू नका, डॉक्टरांकडे न्या. मोठ्या बाईला अचानक असह्य दुर्गंधी यायला लागली, तर आत राहिलेला टॅम्पॉन किंवा निरोधचा तुकडा हे कारण अनेकदा सापडतं. तो काढला की काम झालं. शस्त्रक्रियेनंतर किंवा अवघड बाळंतपणानंतर दिवसरात्र पाणी गळतंय आणि त्याला लघवीचा वास आहे, तर मूत्राशयाला छिद्र पडलेलं असू शकतं. त्याला संसर्गाची औषधं देत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

बळजबरी झाली असेल तर स्राव सुरू होण्याची वाट पाहू नये. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, तातडीच्या गर्भनिरोधनाला जास्तीत जास्त १२० तास असतात, आणि दोन्ही जितकी लवकर तितकी चांगली.

आतून तपासणीबद्दल तुमचा संकोच समजतो. त्यात चिमट्यासारखं एक साधन घालून गर्भाशयमुख पाहतात आणि स्राव घेतात. दोन-तीन मिनिटं लागतात, दाब जाणवतो, तीव्र दुखायला नको. दुखलं तर तिथेच थांबवायला सांगा. सोबत स्त्री कर्मचारी असण्याचा आग्रह धरा. कधीच संबंध न आलेल्या मुलीची अशी तपासणी सहसा करत नाहीत, बाहेरून पाहून आणि बारीक स्वॅब घेऊन भागतं. तुमच्या बाबतीत मी एकदा तरी करून घ्या म्हणेन, सहा महिन्यांचा प्रश्न आहे. जाण्याआधी दोन दिवस योनीत कोणतंही औषध ठेवू नका, संबंध टाळा, आतून धुऊ नका, नाहीतर दिसायचं तेच पुसून जातं. पाळी नुकतीच संपलेली असली तर उत्तम. घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर न्या.

तोवर घरी काय? बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवा, एवढं पुरतं. योनिमार्गात पाण्याचा फवारा, साबण, सुगंधी द्रावणं काही घालू नका. आतून धुण्याने लॅक्टोबॅसिलस वाहून जातात आणि बॅक्टेरियल व्हजायनोसिस वाढतं. जाहिराती काही म्हणोत, योनीला रोज वास घालवणाऱ्या द्रवाची गरज नसते. सुगंधी पॅड, रोजची पॅन्टी लायनर यांनी उलट खाज सुटते, आणि मग ती खाज बुरशीची समजून औषध चालू होतं. स्राव नसताना फक्त बाहेर खाज असेल, त्वचा पांढुरकी, पातळ किंवा जाड झाली असेल, तर तो त्वचेचा विकार असू शकतो. त्यावर बुरशीची गोळी कितीदाही घ्या, उपयोग शून्य.

योनीत ठेवायची काही औषधं आणि क्रीम तेलयुक्त असतात, त्यांनी निरोध फाटू शकतो. उपचाराच्या दिवसांत गर्भधारणा नको असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. आणि तुमच्यासाठी सगळ्यात तातडीची सूचना ही: दिवस राहण्याची शक्यता असताना फ्लुकोनाझोलची गोळी स्वतःहून पुन्हा घेऊ नका. गरोदरपणात बुरशीला योनीत ठेवायचं औषध सात दिवस देतात, पोटातली ही गोळी टाळतात. या महिन्यात पाळी एक दिवस जरी पुढे गेली, तरी आधी लघवीची चाचणी करा आणि ती तारीख डॉक्टरांना सांगा.